चार बोटांचं कपाळ

कराड,
मंगळवार, रात्र

चि. अभिजित यास अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन आधी तू ठेवलास की मी, यावरून तुझी आई अजून माझ्याशी बोलताना एकेक शब्द मोजून बोलते. फोनवर माझा आवाज चढतो, तुझाही चढतो, म्हणून लिहायला बसलो.

केस लावून घेतल्याला आज बारावा दिवस. खपल्या सुटायला लागल्या असतील. नखाने काढू नकोस. शाम्पूचा फेस आधी तळहातावर करायचा, डोक्यावर नुसता टेकवायचा, दहा मिनिटं भिजू द्यायचं आणि मगाने पाणी सोडायचं. शॉवर अजून नको. खपलीबरोबर केस निघून आला तरी घाबरू नकोस. महिना-दीड महिन्यात लावलेले बहुतेक केस गळणारच आहेत. काडी गळते, मूळ आत राहतं. तीन-चार महिन्यांनी नवे फुटतील, आधी बारीक नि वेडेवाकडे, आणि खरं रूप दिसायला वर्ष जाईल. डॉक्टरांनी हे आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. तू तेव्हा मोबाईलमध्ये बघत होतास.

बघ, सूचना द्यायच्या नाहीत असं ठरवून बसलो होतो. एकच गोष्ट लिहायची होती. कपाळावरची ती केसांची रेषा पुन्हा केस लावून खाली घेऊ नकोस.

"आण्णा, तुम्ही न्हावी आहात, सर्जन नाही," असं तू म्हणालास. लागलं मला, खोटं कशाला सांगू. पण बोललास ते खरं आहे आणि रागात माणूस बोलतो. मीही तुला पैशांवरून नको ते बोललो. तुझे पैसे, तुझ्या कष्टाचे. ते शब्द मी मागे घेतो.

पण पस्तीस वर्षं या हातांखालून कपाळंच गेली आहेत रे. त्या सोमवारी मी आलो तेव्हा चौथा दिवस होता. सूज कपाळावरून डोळ्यांत उतरली होती, दार उघडलंस तेव्हा डावा डोळा मिटलेलाच होता. आईला मी सांगितलं की जरासा सुजलाय. तू उशांना टेकून झोपलास आणि मी चष्मा लावून तासभर तुझं कपाळ बघत बसलो. पुढच्या ओळीत एकेकच केस. त्याच्या मागे दोन-दोनचे आणि तीन-तीनचे झुबके. ओळ सरळ नाही, कुठे पुढे आलेली, कुठे जराशी मागे. कोपरे आत घेतलेले, पार बुजवलेले नाहीत. प्रत्येक छेद पुढच्या बाजूला झुकलेला, केस जसा मुळात उगवतो तसा. ज्याने हे केलं त्याचा हात चांगला आहे. जन्माची रेषा कुणाच्याच कपाळावर पट्टीने आखलेली नसते. भुवयांच्या मध्यापासून आठ सेंटिमीटर ठेवली आहे त्यांनी, म्हणजे आमच्या भाषेत चार बोटं. पुरुषाच्या चेहऱ्याला ती शोभते, सत्तावीसला आणि सत्तावन्नलाही.

तुला ती दीड सेंटिमीटर खाली हवी आहे, कॉलेजातल्या फोटोसारखी. मी दुकानातल्या वहीत हिशेब मांडला. कपाळाची रुंदी चौदा सेंटिमीटर धरली तर एकवीस चौरस सेंटिमीटर झाले. चौरस सेंटिमीटरला चाळीस-पंचेचाळीस ग्राफ्ट, म्हणजे एक ते तीन केसांची मुळासकट रोपं, लावले तर नऊशेच्या आसपास. तू इंजिनियर आहेस, चुकलं असेल तर सांग. आत्ता २२०० लागले आहेत. ते कुठून आले? डोक्याच्या मागूनच. काढलेल्या जागी पुन्हा केस येत नाही. नवा केस कुणी तयार करत नाही, इथला तिथे नेतात एवढंच. मागचा साठा आयुष्यभर पुरवायचा असतो आणि तुझं गळणं अजून थांबलेलं नाही. माझं टाळूपर्यंत गेलं, तुझ्या तासगावच्या मामाचं तर कानांच्या वर फक्त झालर राहिली. तू दोन्हीकडून घेतलं आहेस. लावलेले केस टिकतील, ते मागचे आहेत, मागचे सहसा गळत नाहीत. पण त्यांच्या पाठीमागचे तुझे स्वतःचे गेले, तर ती जागा भरायला काय उरेल?

माझ्याकडे एक गिऱ्हाईक येतं. नाव सांगणार नाही, तू ओळखतोस. चोविसाव्या वर्षी मोठ्या हौसेने अगदी खाली रेषा घेतली, सरळ, दाट. आज चाळिशीत पुढे केसांचा पट्टा आहे आणि त्याच्या मागे तळहाताएवढी रिकामी जागा. डोक्याच्या मागे कानापासून कानापर्यंत कातडीची पट्टी काढल्याचा व्रण, त्यामुळे मशीन बारीक लावता येत नाही. दुकानात माणसं असतात तेव्हा तो येत नाही. महिन्यातून एकदा सकाळी सहाला मी त्याच्यासाठी शटर अर्धं वर करतो. तो वाकून आत येतो, मी दिवा एकच लावतो. केस कापताना तो आरशात बघत नाही. सतरा वर्षांत आम्ही यावर एक शब्द बोललेलो नाही.

म्हणून माझा आवाज चढला. तुझ्यावर नव्हता चढला.

आणि तो दुसरा क्लिनिकवाला. ज्याने फोनवरच "दोन महिन्यांत करून टाकू" म्हटलं, तो डॉक्टर आहे का, एवढं तरी विचार. छेद कोण घेणार, केस कोण लावणार, भूल कोण देणार? २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सांगितलं आहे की हे काम नोंदणीकृत, शिकलेल्या डॉक्टरनेच करायचं. मुंबईत २०१९ साली एक माणूस एकाच बैठकीत हजारो केस लावून घेऊन दोन दिवसांत गेला. २०२५ साली कानपूरच्या दोन इंजिनियरांची तशीच बातमी आली. तो पेपर मी आईच्या हाती पडू दिला नाही, दुकानात आरशाच्या मागे ठेवला. आणि तू गुरुवारी आत गेलास तेव्हा बाहेरच्या खुर्चीवर नऊ तास मी तो पेपरच आठवत होतो.

घाबरवत नाही तुला. घाबरवतोयच बहुधा. माफ कर.

तुझं जावळ मीच काढलं होतं. मामाच्या मांडीवर होतास, वस्तऱ्याला धार लावताना माझा हात थरथरत होता आणि तुझी आजी म्हणत होती, दुसऱ्या कुणाला तरी बोलवा. मी ऐकलं नाही. तुझ्या डोक्यावर दोन भोवरे निघाले. दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, म्हणून सगळे हसले होते. दादा गेले तेव्हा दहाव्याला प्रीतिसंगमावर तुझे केस काढले, तू नववीत होतास, शाळेचा ग्रुप फोटो दोन दिवसांवर होता. घाटावर काही बोलला नाहीस, घरी येऊन मोरीचं दार लावून रडलास. मला वाटलं होतं दादांसाठी रडतोस. आक्काने मागाहून सांगितलं की फोटोसाठी पण रडला.

आणि एक गोष्ट आहे, ती मी तुला कधी सांगितलेली नाही. तू इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतास, दिवाळीला आलास, नेहमीप्रमाणे खुर्चीत बसलास. कानशिलांवरचे केस बोटांत धरले आणि मला कळलं. केसाला वजनच नव्हतं, लव असते तसा. कापडावर पडलेले केस मी अंगठ्याने चोळून बघितले. मागचे जाड, पुढचे निम्म्याने बारीक. कुणा गिऱ्हाइकाच्या मुलाचं असतं तर म्हणालो असतो, स्किनच्या डॉक्टरला दाखव, औषधाने आहेत ते तरी टिकतात. स्वतःच्या मुलाला नाही म्हणालो. दिवाळी होती, तू खुशीत होतास, चाफळच्या मावशीकडे जायचं होतं. मी कापड झटकलं आणि "छान दिसतोयस" म्हटलं.

सात वर्षं झाली. तेव्हा बोललो असतो तर त्या खुर्चीवर नऊ तास बसायची वेळ कदाचित आलीच नसती. म्हणून आता गप्प बसवत नाही.

केस गळू नयेत म्हणून दिलेली गोळी तू बंद केल्याचं आक्काकडून कळलं. कुणा मित्राने काहीतरी सांगितलं म्हणे. त्या गोळीचा काही थोड्या जणांना त्रास होतो, हे डॉक्टर मलाही म्हणाले, आणि तसल्या गोष्टी बापाशी बोलायच्या नसतात हेही मला कळतं. माझ्याशी बोलू नकोस. डॉक्टरशी बोल, त्यांना विचारून ठरव. गोळी सोसत नसेल तर दुसरं काही सुचवतील. पण ती बंद आणि रेषा खाली, दोन्ही एकदम नको. त्या गिऱ्हाइकाचं तेच झालं असणार.

त्या स्थळाकडच्या लोकांनी तुझा फोटो बघून जे म्हटलं ते आई विसरलेली नाही, मीही नाही. ज्यांना कपाळ मोजून मुलगी द्यायची आहे त्यांच्या घरी तू जावंस असं मला वाटत नाही. तू पहिला पगार झाल्यावर दुकानाला नवा आरसा आणलास, त्यात माणसं तोंड बघतात तेव्हा मी प्रत्येकाला सांगतो, हा पोराने आणलाय. पुन्हा विषय तिकडेच गेला. एक वर्ष थांब. केस उगवू देत. बाराव्या महिन्यात आपण दोघं त्याच डॉक्टरांसमोर बसू आणि तेव्हाही तुला खालीच हवी असेल, तर मी तोंड उघडणार नाही.

मागची बाजू आता खुरटी वाढली असेल, एकीकडे जास्त, एकीकडे कमी. डॉक्टर हो म्हणाले की एखाद्या सोमवारी मशीन घेऊन येतो आणि सारखी करून देतो. खुर्ची नको, तुझ्या बाथरूमातलं स्टूल चालेल.

तुझे,
आण्णा

ता. क. हेल्मेट अजून घालायचं नाही म्हणजे गाडीच चालवायची नाही, रिक्षाने जा. आणि त्या दुसऱ्या क्लिनिकात आगाऊ पैसे भरले असशील तर सांग. बुडाले तर बुडाले, मी काही म्हणणार नाही.