घरातील उपासना आणि एकटी राहिलेली माणसे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कोविडच्या साथीमुळे बंद असलेली महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे उघडावीत की नाहीत, यावर गेले काही आठवडे चाललेली चर्चा मी इंटरनेटवर नियमितपणे वाचत आहे. मी मूळची अहमदनगरची, मराठी ख्रिस्ती कुटुंबातली. लग्नानंतर जर्मनीत आले आणि आता हॅनोव्हरजवळच्या एका गावातील ल्यूथरन मंडळीची, म्हणजे धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची परंपरा मानणाऱ्या चर्चच्या भक्तसमुदायाची, सभासद आहे. दार कधी उघडायचे हे साथीची स्थिती ज्यांच्यासमोर आहे त्यांनी ठरवावे; इतक्या दुरून त्यात मत देणे मला योग्य वाटत नाही. परंतु दार बंद असताना मंडळीने काय करायचे असते, हा प्रश्न या चर्चेत मागे पडला आहे, आणि त्याविषयी गेल्या सात महिन्यांत आमचे जे चुकले व जे साधले ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

जर्मनीतील केंद्र आणि राज्य सरकारांनी 16 मार्च 2020 रोजी निर्बंध जाहीर केले, त्यात सर्व धर्मांच्या सामूहिक उपासना थांबल्या. झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा रविवार), गुड फ्रायडे आणि 12 एप्रिलचा ईस्टर आम्ही घरी काढला. ईस्टरच्या सकाळी दूरचित्रवाणीवरील उपासना संपताच, सव्वादहा वाजता, देशभरातील वादकांनी आपापल्या खिडकीतून वा अंगणातून ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचे जुने गीत वाजवावे असे आवाहन चर्चने केले होते. आमच्या समोरच्या घरातला शाळकरी मुलगा ट्रम्पेट घेऊन गॅलरीत आला, दोनदा चुकला, पुन्हा पहिल्यापासून सुरू करून त्याने ते पूर्ण वाजवले, आणि कोपऱ्यापलीकडून, कुठल्या घरातून ते कळले नाही, दुसऱ्या वाद्याने त्याला साथ दिली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून रडले, हे मोकळेपणाने सांगते.

घरी उपासना करणे म्हणजे नाइलाजाची अर्धीमुर्धी उपासना, असे पुष्कळांना वाटते. ल्यूथरन परंपरेचा इतिहास तसे सांगत नाही. मार्टिन ल्यूथरने 1529 साली जी लहान प्रश्नोत्तरावली लिहिली, तिच्यात दहा आज्ञा, विश्वासांगीकार (श्रद्धेची कबुली), प्रभूची प्रार्थना अशा प्रत्येक भागाच्या आरंभी स्पष्ट म्हटले आहे की, हे कुटुंबप्रमुखाने आपल्या घरातील माणसांना सोप्या रीतीने शिकवावे. सकाळी उठल्यावर आणि रात्री निजण्यापूर्वी करायच्या प्रार्थना त्याच पुस्तिकेत आहेत. पुढे 1530 नंतरच्या वर्षांत प्रकृती साथ देईना, तेव्हा ल्यूथर स्वतःच्या घरी बायकामुले, नोकरचाकर आणि पाहुण्यांपुढे प्रवचन करीत असे. ती प्रवचने इतरांनी टिपून घेतली आणि 1544 मध्ये ती पुस्तकरूपाने छापली गेली. ज्यांना चर्चपर्यंत जाता येत नाही अशा घरांतून पुढे अशी प्रवचनांची पुस्तके मोठ्याने वाचली जात. नगरला आमच्या घरी रात्री जेवणापूर्वी सगळे सतरंजीवर बसत, वडील एक अध्याय वाचत आणि आई पेटीवर भजन धरी. आम्ही ल्यूथरन नव्हतो, पण इथे आल्यावर या परंपरेत मला परके वाटले नाही, त्याचे एक कारण ती सतरंजी असावी.

साथीविषयीही ल्यूथरने लिहून ठेवले आहे. 1527 मध्ये ल्यूथरच्या विटेनबर्ग या गावी प्लेग आला, विद्यापीठ येना येथे हलवले गेले, पण ल्यूथर आणि गावचे पाळक (चर्चचे धर्मगुरू) बुगेनहागेन मागे राहिले. प्राणघातक साथीतून पळून जावे काय, असा प्रश्न ब्रेस्लाऊ (आताचे पोलंडमधील व्रोत्स्वाफ) येथील पाळकांकडून आला होता, त्याला ल्यूथरने दिलेले उत्तर छापील स्वरूपात उपलब्ध आहे. त्याचा आशय असा की, मी देवाची करुणा भाकीन, पण घरात धुरी देईन, हवा शुद्ध करीन, औषध देईन आणि घेईन. जिथे माझी गरज नाही तिथे जाणार नाही, कारण माझ्या निष्काळजीपणामुळे दुसऱ्याचा जीव जाऊ नये. मात्र शेजाऱ्याला माझी गरज असेल, तर मी निःशंक जाईन. औषध आणि काळजी झुगारून देणे म्हणजे श्रद्धा नव्हे, ती देवाची परीक्षा पाहणे आहे, असेही त्याने तेथे निक्षून म्हटले आहे. या वसंतात इकडच्या पाळकांनी या पत्राचा पुष्कळ आधार घेतला. दुर्दैवाने त्यातला पहिला भाग सर्वांच्या तोंडी झाला आणि शेजाऱ्याचा भाग वाचायचा राहून गेला. आमच्या मंडळीत तरी तसेच झाले.

पहिल्याच रविवारपासून आमची उपासना संगणकावर दिसू लागली, पाहणाऱ्यांची संख्या नेहमीच्या उपस्थितीपेक्षा जास्त निघाली आणि सर्वांना समाधान वाटले. आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर 87 वर्षांच्या एक विधवा आजी राहतात. डाव्या बाजूचा तिसरा बाक ही त्यांची जागा, आणि उपासना संपल्यावर पाळक दाराशी उभे राहून प्रत्येकाशी हस्तांदोलन करतात, तो त्यांच्या आठवड्यातला बहुधा एकमेव मानवी स्पर्श. त्यांच्याकडे संगणक नाही. तीन आठवडे त्यांना मंडळीतून कोणाचाही फोन गेला नाही आणि मीसुद्धा, दोन मजले खाली राहत असून, केवळ किराणा दारात ठेवून परतत राहिले. चौथ्या आठवड्यात त्यांनी दाराआडून मला विचारले की, रविवारच्या प्रार्थनेत आजाऱ्यांची नावे अजून घेतात का, आणि त्यांच्या बहिणीचे नाव कोणी घेतले का. ते कोणी घेतले नव्हते. त्यांची बहीण आजारी आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते.

त्यानंतर आम्ही जागे झालो. चर्चच्या कुंपणावर कपडे वाळत घालायची दोरी बांधली आणि प्लॅस्टिकच्या पाकिटांत घातलेली छापील प्रवचने व प्रार्थना चिमट्यांनी तिला लावली; जाणाऱ्या-येणाऱ्याने एक काढून न्यावे. ज्यांना कुंपणापर्यंत येता येत नाही, त्यांची यादी करून पाकिटे घरी पोचवली. रविवारी दहा वाजता साध्या टेलिफोनवरून जोडता येईल अशी उपासना सुरू केली. तिच्यात प्रभूची प्रार्थना कधीच एका सुरात होत नाही, कारण प्रत्येकाचा आवाज थोडा मागे-पुढे पोचतो. कोणाचे घड्याळ टोले देते, कोणी खोकते, एक आजोबा ‘आमेन’ सर्वांच्या शेवटी म्हणतात. तरीही त्या विस्कळीत प्रार्थनेत मला जी मंडळी ऐकू आली, ती पडद्यावरच्या नेटक्या उपासनेत दिसली नव्हती.

प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ मंडळीने मिळून भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीचा, प्रश्न मात्र अवघड आहे. 1530 च्या ऑग्सबर्गच्या विश्वासांगीकारात (ल्यूथरन श्रद्धेच्या मूळ जाहीरनाम्यात) मंडळीची व्याख्याच ‘एकत्र जमलेले जन’ अशी केली असून तिथे शुभवर्तमान (येशूचा संदेश) शिकवले जावे आणि बाप्तिस्मा, प्रभुभोजन हे संस्कार योग्य रीतीने दिले जावेत असे म्हटले आहे. म्हणून पडद्यासमोर ज्याने त्याने आपापली भाकर मोडावी का, यावर जर्मनीत मतभेद झाले, आणि अमेरिकेतील इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्चने तर आपल्या मंडळ्यांना तसे न करण्याचाच सल्ला दिला. मला स्वतःला वाट पाहणे बरोबर वाटले. ज्याची भूक लागते त्याची किंमत कळते आणि जूनमध्ये प्रभुभोजन झाले, तेव्हा ती कळलीही.

दारे उघडल्यानंतरही पूर्वीचे काही परत आले नाही. 29 एप्रिल रोजी येथील घटना न्यायालयाने आमच्याच लोअर सॅक्सनी राज्यातील एका मुस्लिम संघटनेच्या अर्जावर निर्णय देताना, अपवादाला जागाच न ठेवणारी सरसकट बंदी चालणार नाही असे म्हटले, आणि मेमध्ये उपासना सुरू झाल्या. पण अंतर राखून, मास्क लावून आणि गाण्याविना. ज्या परंपरेत सगळी मंडळी गाते, तिथे ओठ मिटून बसणे कठीण असते. पण अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात मार्चमध्ये 61 जणांच्या एका गायनवृंदाच्या अडीच तासांच्या सरावातून 50 हून अधिक जण आजारी पडले आणि दोघे दगावले, हे वाचल्यावर मी गाण्याचा हट्ट सोडला.

यंदा पालख्यांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि लाखो वारकऱ्यांनी घरी बसून एकादशी केली, हे मी इथे वाचले, तेव्हा आपल्या लोकांना हे शिकवण्याची गरज नाही असे वाटले. माझी विनंती इतकीच आहे की, मंदिर असो, मशीद असो वा चर्च, दार उघडेपर्यंत आणि उघडल्यानंतरही, जे येऊ शकणार नाहीत त्यांची नावानिशी यादी प्रत्येक ठिकाणी असावी आणि तिच्यातल्या प्रत्येकाकडे आठवड्यातून एकदा कोणीतरी फोन करावा किंवा दारापर्यंत जावे. मोबाइलवर दर्शन आणि प्रवचन उपलब्ध करून दिले की काम झाले, असे कृपया समजू नये.

इकडे आकडे पुन्हा वाढू लागले आहेत. 31 ऑक्टोबर हा ल्यूथरच्या धर्मसुधारणेच्या स्मरणाचा दिवस आमच्या राज्यात सुट्टीचा असतो आणि त्या दिवशी चर्चमध्ये मोजक्याच खुर्च्या मांडल्या जातील. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी आपली खुर्ची दुसऱ्याला द्यावी असे कळवले आहे. त्या टेलिफोनवरून येतील आणि या वेळी आजाऱ्यांची नावे त्या वाचणार आहेत.

आपली नम्र,
एक वाचक, हॅनोव्हर (जर्मनी)
ऑक्टोबर 2020