लाल खूण आणि रखडलेले त्वचारोपण

महोदय,

जळीत रुग्णांमधील एचआयव्हीबाबत आपल्या दैनिकातील लेख वाचला. लेखाचा सगळा भर डॉक्टर-परिचारिकांना असलेल्या धोक्यावर आहे. धोका आहेच, बर्न्स वॉर्डात नोकरी केल्यामुळे तो मी नाकारणार नाही. पण अहवाल पॉझिटिव्ह आल्यावर रुग्णाचे काय होते, याबद्दल लेखात अवाक्षर नाही.

होते असे की, केसपेपरवर लाल शाईची खूण पडते आणि ऑपरेशनच्या यादीत त्याचे नाव शेवटी जाते. बऱ्याचदा त्याची पाळी येईपर्यंत वेळ संपते, मग 'उद्या बघू'. खोल भाजलेल्या माणसाला हा उद्या परवडत नाही. मेलेली कातडी काढून वेळेत त्वचारोपण झाले नाही, तर उघड्या जखमेत जंतू वाढतात. सुरुवातीच्या धक्क्यातून वाचलेले रुग्ण पुढे दगावतात ते बहुतेक याच जंतुसंसर्गाने.

सीडी४ चाचणीचेही, म्हणजे रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींच्या मोजणीचेही, तसेच. खूप भाजल्यावर एचआयव्ही नसलेल्यांच्या रक्तातही या पेशी घटतात. तेव्हा सुरुवातीच्या दिवसांतला आकडा पाहून 'याला कातडी धरणारच नाही' असे ठरवून टाकणे चूक. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला आटोक्यात ठेवणाऱ्या, गोळ्या चालू होत्या का, हे रुग्णालाच एकट्यात विचारावे, नातेवाइकांच्या घोळक्यात नव्हे. आणि त्या मध्येच बंद पडू देऊ नयेत.

आता आमच्या धोक्याविषयी. बाधित रुग्णाची सुई टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता सरासरी ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. लस घेतली नसेल तर हिपॅटायटिस बीचा धोका याहून कितीतरी मोठा, पण त्यासाठी लाल शाई कुणी वापरल्याचे मी पाहिले नाही! शिवाय नुकती लागण झालेल्याचा अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो. चिकटलेला गॉज सलाइनने भिजवून सोडवताना शिंतोडे कोणाच्याही जखमेतून उडतात. आमच्याकडे चष्मा, एप्रन आणि चांगले हातमोजे लाल खुणेच्या खाटेपाशीच ठेवलेले असत. शेजारच्या, तपासणीच न झालेल्या रुग्णाचे ड्रेसिंग आम्ही साध्या, पातळ मोज्यांनी उरकायचो.

सुई टोचल्यावर प्रतिबंधक गोळ्या शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू करून २८ दिवस घ्याव्या लागतात. रात्रपाळीत या गोळ्यांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते, हे आपल्या वार्ताहराने रुग्णालयांत जाऊन एकदा विचारावे.

– एक निवृत्त परिचारिका