नगरसेविका वहिनीस, फ्रिमॉन्टहून

फ्रिमॉन्ट, कॅलिफोर्निया
८ फेब्रुवारी २०२६

ती. दादा आणि सौ. वहिनी यांना,
सा. न. वि. वि.

बठ्ठं बरं शे ना? आईला गुडघ्याचं तेल संपायच्या आत कळवायला सांगा, इथून येणाऱ्या कुणाकडे तरी देते.

वहिनी, तुम्ही फोनवर विचारलं होतं की तिकडच्या कौन्सिलच्या सभेत काय चालतं, आणि खुर्चीवरून "आम्ही अमुक केलं, तमुक पुरस्कार मिळाला" असं जाहीर होतं तेव्हा सदस्याने काय बोलायचं. डिसेंबरच्या निकालापासून तुमच्या नावामागे नगरसेविका लागलंय, तेव्हा हे सविस्तरच लिहायला हवं.

फ्रिमॉन्टची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत २,३०,५०४. म्हणजे आपल्या २०११ च्या आकड्यांशी ताडलं तर भुसावळपेक्षा मोठं आणि धुळ्यापेक्षा लहान. कौन्सिलमध्ये महापौर धरून सातच जण: सहा प्रभागांचे सहा आणि महापौर साऱ्या शहरातून. सध्याचे महापौर राज सलवान, पेशाने जनावरांचे डॉक्टर. कारभार चालवतो सिटी मॅनेजर. हा आपल्या मुख्याधिकाऱ्यासारखा, पण सरकारने पाठवलेला नव्हे. कौन्सिलनेच नेमलेला आणि कौन्सिलच काढू शकते असा. पाणी मात्र कौन्सिलच्या हातात नाही. पाण्याचं मंडळ निराळं, सांडपाण्याचं निराळं, दोन्हींची निवडणूकही निराळी. त्यामुळे आपल्या सभेत ज्या विषयावर टेबलं वाजतात, तो इथल्या सभेत येतच नाही.

सभा मंगळवारी संध्याकाळी ७ ला. सार्वजनिक सभांचा इथला कायदा १९५३ चा, ब्राउन ॲक्ट म्हणतात. नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते, तीही शहराच्या वेबसाइटच्या पहिल्याच पानावरून थेट उघडेल अशी. प्रत्येक विषयाचं थोडक्यात वर्णन, साधारण वीस शब्दांचं, आणि सोबत खात्याची टिप्पणी: पार्श्वभूमी काय, खर्च किती, कोणत्या खात्यातून, शिफारस काय. सदस्यांच्या हाती जो कागद जातो तो लोकांनाही बघता येतो. पत्रिकेवर नसलेला विषय घेता येत नाही. पत्रिका लागल्यानंतर तातडीची गरज उद्भवली तर दोनतृतीयांश मतांनी आधी ते ठरवावं लागतं. आपल्याकडचे "ऐनवेळचे विषय" आठवा, मग या नियमाची किंमत कळेल. पाच-पन्नास लाखांचं काम शेवटच्या दहा मिनिटांत "मंजूर, मंजूर" म्हणत निघून जातं आणि टिप्पणी दुसऱ्या दिवशी तयार होते.

नेहमीच्या कामांचा गठ्ठा इथे एकाच मताने मंजूर करतात. पण त्यातला एखादा विषय बाहेर काढून चर्चा करा असं कोणताही सदस्य म्हणू शकतो. मग नागरिकांची वेळ. बोलायला बहुधा तीन मिनिटं. कारभारावर टीका केली म्हणून कुणाला थांबवता येत नाही. पत्रिकेबाहेरचं गाऱ्हाणं आलं तर सदस्य दोन शब्दांत उत्तर देतात, खात्याकडे सोपवतात, चर्चा करत नाहीत. बहुमत होईल इतक्या सदस्यांनी व्हॉट्सॲपवर आपसात विषय घोळून घेणं हेसुद्धा बेकायदा.

आता तुमचा मुख्य प्रश्न. जाहीर होणारी कामगिरी सगळी एका जातीची नसते, आणि ओळखायला शिकायचं ते हेच.

फ्रिमॉन्ट "अमेरिकेतलं सगळ्यात आनंदी शहर" म्हणून २०२४ आणि २०२५ ला पहिलं आलं. वॉलेटहब नावाची एक खासगी वेबसाइट १८२ शहरांची ही यादी काढते. त्यात घरची मिळकत, घटस्फोटांचं प्रमाण, नैराश्य, झोप असल्या गोष्टी मोजतात. ऐकून बरं वाटतं, इथे राहणाऱ्याला तर अभिमानच वाटतो. पण लोकांच्या पगारात आणि झोपेत कौन्सिलचा हात किती? अशा बातमीला टाळी द्यावी आणि पुढच्या विषयाकडे वळावं.

पुरस्काराची तऱ्हा वेगळी. अमेरिकेत सरकारी वित्त अधिकाऱ्यांची एक संघटना आहे, ती उत्तम अंदाजपत्रकाचा पुरस्कार देते. अंदाजपत्रक मंजूर झाल्यापासून ९० दिवसांत पाठवायचं, परीक्षक ते वाचून गुण देतात. सभेत हे "अर्थकारणाचं कौतुक" म्हणून वाचलं जातं. खरं तर गुण मिळतात ते पुस्तक नीट मांडलंय का, सामान्य माणसाला वाचता येतं का, यासाठी. तिजोरीत पैसा आहे की नाही, हे त्यात बघतच नाहीत. म्हणून पुरस्कार कशाला दिलाय ते त्याच्या निकषांत वाचायचं, नावावर जायचं नाही. आपल्याकडे ओडीएफ प्लस आणि ओडीएफ प्लस प्लस या हागणदारीमुक्तीच्या प्रमाणपत्रांत हाच फरक आहे. पहिल्यात सार्वजनिक शौचालयं चालू आणि स्वच्छ आहेत का ते बघतात. दुसऱ्यात सेप्टिक टाकीतला मैला उपसून नेल्यावर त्यावर प्रक्रिया होते का, तेही. तेव्हा प्रमाणपत्र जाहीर झालं की विचारा: मैला उपसणारी गाडी रिकामी कुठे होते? महिन्याला किती खेपा? नोंदवही दाखवा.

खरी मोलाची ती मोजलेली कामगिरी. तीच सगळ्यात जास्त फसवते, म्हणून रस्त्याचं उदाहरण जरा बारकाईने लिहिते.

इथे रस्त्याच्या पृष्ठभागाला ० ते १०० गुण देतात. सॅन फ्रान्सिस्को खाडीभोवतीच्या या भागातल्या १०९ शहरं-काउंट्यांचे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) गुण एक प्रादेशिक संस्था दर वर्षी छापते, तीन वर्षांची सरासरी काढून. साऱ्या भागाची सरासरी अनेक वर्षं ६६-६७ च्या घरात आहे, म्हणजे "बरा". मोजायची रीत अशी: मोठे रस्ते साधारण दर दोन वर्षांनी आणि गल्लीतले पाच वर्षांनी तपासतात. तपासनीस रस्त्याचा नमुन्याचा तुकडा निवडून चालत जातो. उभ्या-आडव्या भेगा, चाकाच्या पट्ट्यातली जाळीदार भेग, चाकोरी, खडी सुटणं, ठिगळं असे दोष लिहितो, प्रत्येकाचं क्षेत्र मोजतो आणि सौम्य, मध्यम की तीव्र ते ठरवतो. मग १०० मधून तितके गुण वजा. जाळीदार भेगेची सगळ्यात जास्त भीती, कारण ती वरच्या थराची नाही, खालचा पाया बसल्याची खूण आहे. तिच्यावर नुसता डांबराचा कार्पेट मारला तर पहिल्याच पावसाळ्यानंतर तीच जाळी वर येते. पाया काढूनच बसवावा लागतो.

आता यात फसतं कुठे? "आपले रस्ते ६८ वरून ७२ वर गेले" असं जाहीर होतं. चार गुण वाढवायची स्वस्त वाट म्हणजे आधीच बऱ्या असलेल्या रस्त्यांवर पातळ सील मारणं. ते चुकीचं नाही. वेळेवर केलेली डागडुजी ही रस्ता मुळापासून बांधण्यापेक्षा कितीतरी पटीने स्वस्त पडते, म्हणून ती करायलाच हवी. पण त्याच वर्षी मागच्या वस्तीतल्या गल्ल्या ४५ वरून ३८ वर घसरल्या असतील तर ते सरासरीत दिसत नाही. दादाला विचारा, विहिरीजवळच्या एकरात कापूस पंधरा क्विंटल आणि कोरडवाहूत तीन आला तर सरासरी नऊ सांगून कोरडवाहूचं दुखणं कळतं का? म्हणून इथले जाणते सदस्य सरासरी ऐकून घेतात आणि लगेच विचारतात: ५० च्या खालचे रस्ते किती मैल, मागच्या वर्षी किती होते, आणि कोणत्या प्रभागात?

आपल्याकडे रस्त्याचे असे गुण कुणी देत नाही, तरी तुम्ही प्रभागापुरतं करू शकता. एक वही घ्या. प्रत्येक गल्लीचं पान, लांबी पावलांनी, दोषांची जागा आणि तारखेचा फोटो. काम झालं की मोजमाप पुस्तिकेतल्या थराच्या जाडीची नोंद मागा आणि दोषदायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची मुदत, कधी संपतो ती तारीख पानावर लिहा. ती तारीख यायच्या महिनाभर आधी ठेकेदाराला लेखी कळवलं तर दुरुस्ती फुकट होते, नंतर पुन्हा निविदा. तापीकाठच्या काळ्या मातीत एक गोष्ट जास्त बघायची: कडा. ती माती पावसात फुगते, मेमध्ये हातभर भेगाळते, आणि बाजूची गटार तुंबून पाणी मुरलं की रस्ता कडेने आत तुटत येतो. गटार आधी, रस्ता नंतर. आणि पाइप टाकायचा असेल तर तोही आधी. इथे बऱ्याच शहरांत नवा रस्ता काही वर्षं खोदू देत नाहीत. तुमच्या सभेत असा ठराव आणता आला तर जरूर आणा.

पाण्याबद्दल इथून शिकण्यासारखं कमी, पण मोजण्याची सवय तीच. "योजनेचं ९० टक्के काम पूर्ण" असं ऐकलं की विचारायचं, ९० टक्के कशाचे? खर्च झालेल्या पैशाचे, टाकलेल्या पाइपाच्या लांबीचे, की पाणी येत असलेल्या नळांचे? पाइप आणि टाकीत पैसा आधी खर्च होतो. दाबाची चाचणी, झोनचे व्हॉल्व्ह, घरजोडण्या ही कामं शेवटी येतात, खर्च थोडा आणि वेळ फार. त्यामुळे पैशाचे ९० टक्के आणि नळाचे ४० असं सहज असू शकतं.

दुसरा आकडा माणशी रोज १३५ लिटरचा. तो केंद्राचा निकष आहे. तो बहुतेक वेळा उपसलेलं पाणी भागिले लोकसंख्या असा काढतात, वाटेतली गळती वजा न करता. केंद्राच्या अमृत २.० योजनेत हिशेबाबाहेरचं पाणी २० टक्क्यांवर आणायचं उद्दिष्ट आहे, म्हणजे ही गळती सरकारलाही ठाऊक आहे. शिवाय दर चौथ्या दिवशी पाणी येत असेल तर माणशी १३५ चा अर्थ एका वेळी ५४० लिटर, पाच जणांच्या घराला २७०० लिटर. एवढी टाकी किती घरांना आहे?

खरं काय ते बादलीने कळतं. प्रभागातलं सगळ्यात शेवटचं घर निवडा, मोटर बंद, १५ लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ. समजा बादली दीड मिनिटात भरली, म्हणजे मिनिटाला १० लिटर. पाणी ४५ मिनिटं आलं तर ४५० लिटर. पाच माणसं, चार दिवस: माणशी रोज साडेबावीस लिटर. नळ सुटतो तेव्हा, मधल्या वेळी आणि बंद व्हायच्या आधी अशी तीनदा बादली भरा, कारण दाब सारखा नसतो. शेजारी टिल्लू मोटर चालू असेल तर तेही लिहा. टाकीजवळची दोन आणि टोकाची दोन अशा चार घरांचा आकडा हातात असेल तर सभेत तुम्हाला आवाज चढवावा लागणार नाही.

तुम्ही स्वतः काम जाहीर कराल तेव्हाही असंच करा. "प्रभागात दिवे लावले" असं नको. एकूण खांब किती, अमुक तारखेला किती बंद होते, आज किती लागतात, किती राहिले आणि का राहिले, एवढं सांगा. राहिलेला आकडा आपणहून सांगितला की पहिला आकडा लोकांना पटतो. इथे ज्या खात्याच्या अहवालात "राहिलेलं काम" असा रकाना असतो, त्याला सदस्य कमी छळतात असं मला दिसतं.

आणि कागद. आपल्याकडे नागरिक सभेत प्रेक्षक म्हणून बसतो, बोलायला त्याला असा राखीव वेळ नसतो. त्याचा प्रश्न तुम्हीच नेला तर जातो. प्रश्न सभेआधी लेखी द्या, पोच घ्या. ठरावाला तुमचा विरोध असेल तर तो नावानिशी इतिवृत्तात आलाय का ते पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होण्यापूर्वी वाचा. एकदा कायम झालं की दुरुस्ती अवघड. टिप्पणी किंवा मोजमाप पुस्तिका मिळत नसेल तर माहिती अधिकाराच्या कलम ४(१)(ख) चा हवाला द्या. बरीचशी माहिती अर्ज न करताच प्रसिद्ध करायची त्यांची जबाबदारी आहे.

पहिल्या सभेची विषयपत्रिका हातात आली की सगळ्या पानांचे फोटो पाठवा, टिप्पण्यांसकट. भारतातल्या रात्री आठनंतर फोन केलात तर माझी इथे सकाळ असते, एकेक विषय सोबत वाचू. वहीची पहिली चार पानं झाली की तीही पाठवा. मधल्या आळीतला तो शाळेजवळचा रस्ता आधी घ्या, तिथली जाळीदार भेग दादाच्या गणपतीतल्या फोटोतसुद्धा दिसत होती.

आई-अण्णांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची नणंद