फादरांना वेळेवर बोलवा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री

विषय : रुग्णालयात कॅथलिक धर्मगुरूंना बोलावण्याची लेखी कार्यपद्धती ठरवण्याबाबत

महोदय,

आजारी माणसाला फादर हवे असतात, फादर रुग्णालयाच्या आवारातच असतात, आणि तरी दोघांची वेळेत भेट होत नाही, हे वारंवार घडते. निरोप जातो तेव्हा रुग्ण व्हेंटिलेटरवर असतो, गुंगीच्या औषधाखाली असतो. त्याला बोलता येत नाही, गिळता येत नाही. कधी प्राणही गेलेला असतो. यात कुणाचा आकस नसतो. फादरांना बोलावण्याचे काम कुणाच्याच ड्यूटीत लिहिलेले नसते, म्हणून ज्याला आठवेल त्याने ते करायचे, असा कारभार चालतो. आम्ही या सेवेतले धर्मगुरू आणि त्यांच्या बरोबरीने वॉर्डात काम करणाऱ्या परिचारिका आहोत. आपण हे काम नियमात लिहून टाकावे, एवढ्यासाठी हे पत्र.

रुग्णालयात नेमलेल्या धर्मगुरूला चॅप्लेन म्हणतात. चर्चच्या कायद्याप्रमाणे धर्मगुरू होण्याआधी तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून किमान सहा वर्षे शिकावे लागते. पण रुग्णाच्या खाटेशेजारी कसे बसावे हे त्या अभ्यासातून आपोआप येत नाही. त्यासाठी वेगळे प्रशिक्षण आहे. त्याची सुरुवात अमेरिकेतल्या वूस्टर येथील मनोरुग्णालयात अँटन बॉइसेन यांनी 1925 मध्ये केली. तिथल्या पद्धतीत एक टप्पा किमान 400 तासांचा असतो. शिकणाऱ्याने रुग्णाशी झालेले बोलणे शब्दशः लिहून आणायचे, आणि मार्गदर्शक ते वाचून दाखवून देतो की ऐकणे कुठे थांबले आणि उपदेश कुठे सुरू झाला. चॅप्लेन नेमताना हे प्रशिक्षण झाले आहे का, हे रुग्णालयाने जरूर विचारावे. नुसता झगा घातलेला माणूस वॉर्डात पाठवला की काम भागले, असे नाही.

या सेवेला मोठी परंपरा आहे. संत कामिलस दे लेलिस हे मुळात सैनिक. पायाच्या जुनाट जखमेमुळे ते रोममधल्या सान जाकोमो रुग्णालयात आले आणि रुग्णसेवेतच राहिले. त्यांनी स्थापन केलेल्या संघाला 1586 मध्ये पोप पाचवे सिक्स्टस यांनी मान्यता दिली, आणि त्याच वर्षी झग्यावर लाल क्रूस लावण्याची परवानगीही दिली. या संघाचे सदस्य नेहमीच्या तीन व्रतांबरोबर (दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन) चौथे व्रत घेतात : जीव धोक्यात आला तरी आजाऱ्याची सेवा सोडायची नाही.

आता मुद्द्याचे. कॅथलिक रुग्णासाठी तीन संस्कार महत्त्वाचे : पापनिवेदन (फादरांपुढे पापांची कबुली), तैलाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावणे) आणि ख्रिस्तप्रसाद (पवित्र भाकरी घेणे). यातले पहिले आणि तिसरे रुग्ण शुद्धीवर असतानाच नीट होतात. वेळ थोडा असेल तर विधीचा नियम असा, की आधी पापनिवेदन, मग अखेरच्या प्रवासाची शिदोरी म्हणून ख्रिस्तप्रसाद, आणि त्यानंतर वेळ उरला तर तैलाभ्यंग. म्हणजे ज्यासाठी फादरांना हमखास शेवटच्या क्षणी बोलावतात, तो संस्कार प्रत्यक्षात रांगेत तिसरा आहे. बेशुद्ध माणसाला तैलाभ्यंग देता येतो. त्याचे बोलणे मात्र परत आणता येत नाही.

तैलाभ्यंग हा फक्त मरणाऱ्यांचा संस्कार आहे, हा समज सगळ्यात जास्त नुकसान करतो. नातेवाईकच म्हणतात, ‘फादर आले की ते घाबरतील, आत्ता नको.’ 1963 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, स्पष्ट केले, की आजारपणामुळे किंवा वार्धक्यामुळे जिवाला धोका निर्माण होऊ लागला की तीच या संस्काराची योग्य वेळ. गंभीर आजारामुळे शस्त्रक्रिया होणार असेल तर तिच्या आधी तो घेता येतो. बरे होऊन माणूस पुन्हा गंभीर आजारी पडला, किंवा त्याच आजारात प्रकृती आणखी ढासळली, तर तो पुन्हाही देता येतो. मृताला मात्र देता येत नाही. मृत्यू झाला आहे की नाही अशी शंका असेल तर चर्चचा कायदा तो द्यायला सांगतो. खात्री असेल तर फादर मृतासाठी प्रार्थना करतात, तेल लावत नाहीत. पाच मिनिटे उशीर झाला म्हणून कुटुंबाला हे ऐकावे लागते तेव्हा त्यांचा राग फादरांवर निघतो, आणि तो राग समजण्यासारखा असतो.

प्रत्यक्ष विधी किती लहान आहे हे रुग्णालय प्रशासनाला माहीत असावे, कारण ‘इथे गर्दी नको, वेळ नाही’ हे कारण नेहमी दिले जाते. फादर रुग्णाच्या डोक्यावर काही न बोलता हात ठेवतात. मग कपाळावर आणि दोन्ही हातांवर तेल लावतात व ठरलेली प्रार्थना म्हणतात. सावकाश केले तर दहा-पंधरा मिनिटे. अगदीच निकड असेल तर फक्त कपाळावर तेल आणि तेच शब्द. याला एक मिनिटही पुरते. डोक्याला बँडेज असेल, हात भाजलेले असतील, तर शरीराच्या दुसऱ्या योग्य जागी लावले तरी चालते. तेल पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, बिशपांनी (धर्मप्रांताच्या प्रमुखांनी) आशीर्वादित केलेले असते. संकटाच्या वेळी मात्र कोणताही धर्मगुरू विधीतच ते आशीर्वादित करू शकतो. ते ऑलिव्हचेच हवे असेही 1972 पासून राहिलेले नाही. दुसरे वनस्पती तेल चालते.

चुका होतात त्या इथेच, आणि त्या टाळता येतात. तेलात भिजवलेला कापूस असलेली छोटी धातूची डबी फादरांच्या खिशात असते. एका रुग्णाला लागलेला अंगठा पुन्हा त्याच डबीत गेला तर संसर्ग एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातो. म्हणून प्रत्येक रुग्णासाठी वेगळा कापसाचा बोळा आधीच तेलात बुडवून आत न्यावा आणि डबी बाहेर ठेवावी. चर्चचा कायदा गंभीर कारण असेल तर साधन वापरून तेल लावायची मुभा देतो, त्यामुळे हातमोज्यात धरलेल्या बोळ्याने केलेला विधी पूर्ण वैध असतो. एरवी असा बोळा जाळतात. आयसोलेशनमध्ये तो संसर्गजन्य कचऱ्यातच टाकावा. प्रार्थनेचे पुस्तक आत नेऊ नये, एका कागदावर मजकूर न्यावा आणि तिथेच टाकून द्यावा. गळ्यातल्या स्टोलची (विधीच्या वेळच्या लांब पट्टीवजा वस्त्राची) टोके खाटेच्या दांडीला लागतात, म्हणून ती गाऊनच्या आत घ्यावी. हातांना सॅनिटायझर 20 ते 30 सेकंद चोळावे. पण क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूच्या रुग्णाकडून बाहेर आल्यावर साबण-पाण्याने 40 ते 60 सेकंद हात धुवावेत, कारण त्याचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. ऑक्सिजन चालू असेल तिथे मेणबत्ती लावायची नाही, आणि तेल मास्कच्या कडेला लागू द्यायचे नाही. हे प्रशिक्षण रुग्णालयाने आपल्या कर्मचाऱ्यांसोबत चॅप्लेनलाही दरवर्षी द्यावे. ते दिले की ‘बाहेरच्या माणसाला आत सोडता येत नाही’ हा आक्षेप उरत नाही.

ख्रिस्तप्रसादाबाबत फादरांनी आधी ड्यूटीवरच्या सिस्टरला विचारलेच पाहिजे : तोंडाने काही द्यायचे नाही असा आदेश आहे का, गिळताना ठसका लागतो का. एरवीचा एक तासाचा उपास आजाऱ्यांना आणि त्यांची देखभाल करणाऱ्यांना लागू नसतो. गिळणे अवघड असेल तर पवित्र भाकरीचा अगदी बारीक कण चमचाभर पाण्याबरोबर देतात. पाण्यानेच ठसका लागत असेल तर तेही नाही. भाकरी घेताच येत नसेल तर पवित्र द्राक्षरसाचा (वाइनचा) थेंब चालतो, पण मद्यमुक्तीचे उपचार घेतलेल्यांना तो देऊ नये. सिलिअ‍ॅक (गव्हातले ग्लुटेन न सोसणाऱ्या) रुग्णासाठी कमी ग्लुटेनची भाकरी असते. ग्लुटेन पूर्ण काढलेली भाकरी संस्काराला ग्राह्य नाही, त्यामुळे आधी कळले तरच सोय होते.

नवजात बाळांचा कक्ष हा फार नाजूक विषय. अशक्त बाळाला बाप्तिस्मा द्यायला फादर पोहोचू शकले नाहीत, तर निकडीच्या वेळी कुणीही तो देऊ शकतो. परिचारिका, डॉक्टर, ख्रिस्ती नसलेली व्यक्तीसुद्धा, फक्त चर्चचा जो हेतू असतो तो मनात हवा. सुई नसलेल्या सिरिंजमधून कोमट निर्जंतुक पाण्याचे काही थेंब डोक्यावरून वाहू द्यायचे आणि म्हणायचे : ‘मी तुला पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देतो.’ पाणी त्वचेवरून वाहिले पाहिजे. ओला बोळा टेकवणे पुरेसे नाही. आईवडिलांनी मागितल्याशिवाय कर्मचाऱ्यांनी हे करू नये, असा नियम आपण जरूर घालावा. नाव, वेळ, देणारी व्यक्ती आणि साक्षीदार यांची नोंद त्याच दिवशी फादरांकडे गेली पाहिजे. नोंद राहून गेली तर बाळ जगल्यावर पुढे बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी कुटुंबाची वणवण होते.

पापनिवेदनाची गुप्तता ही धर्मगुरूच्या हातातली गोष्ट नाही. ती थेट मोडणारा धर्मगुरू चर्चच्या कायद्याने आपोआप बहिष्कृत होतो. म्हणून केसपेपरवर चॅप्लेन फक्त इतकेच लिहील : भेटीची वेळ, कोणता संस्कार दिला, पुढची भेट केव्हा. रुग्ण काय बोलला हे त्याला विचारू नये, आणि नातेवाईकांची संमती काढून देण्यासाठी त्याला मध्ये घालू नये. बदल्यात त्याला पडदा आणि काही मिनिटांचा एकांत मिळावा. ऐकू कमी येणाऱ्या रुग्णाला मोठ्याने बोलावे लागते आणि सगळा वॉर्ड ऐकतो. अशा रुग्णाला शक्य असेल तर बाजूच्या खोलीत न्यावे.

एका बाबतीत डॉक्टरांना चॅप्लेनचा थेट उपयोग आहे. उपचार थांबवण्याचा प्रश्न आला की कॅथलिक कुटुंबे अनेकदा ‘धर्म परवानगी देत नाही’ असे समजून अडून बसतात. पोप बारावे पायस यांनी 24 नोव्हेंबर 1957 रोजी डॉक्टरांपुढे बोलताना सांगितले होते, की असाधारण उपाय वापरण्याचे बंधन रुग्णावर नसते. मुद्दाम मरण घडवून आणणे चर्चला मान्य नाही. ज्यातून आता हित होणार नाही असा भार उतरवणे मान्य आहे. हा फरक डॉक्टरने सांगितला तर संशय येतो, फादरांनी सांगितला तर मुलगा वडिलांच्या खाटेशेजारी अपराधी न वाटता बसू शकतो. कुटुंबाची इच्छा असेल तर अशा बैठकीला त्यांना बोलवावे.

चॅप्लेन इतर धर्मांच्या रुग्णांनाही भेटतो. तिथे तो संस्कार देत नाही, धर्मांतराबद्दल शब्द काढत नाही, आणि रुग्णाला हवे असतील त्या धर्माच्या व्यक्तीला निरोप देतो. हे बंधन आपण लेखी घालावे, आम्हाला ते हवेच आहे. वेदनाशामक सेवेत आध्यात्मिक वेदनेकडे लक्ष देणे ही आमची एकट्याची कल्पना नाही. सिसिली साँडर्स यांनी 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस (मरणासन्न रुग्णांची काळजी घेणारे केंद्र) उघडले ते याच विचारावर, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 च्या व्याख्येत शारीरिक व मानसिक त्रासांबरोबर आध्यात्मिक त्रासही आहे.

साथीच्या काळात काय होते, तेही ध्यानात घ्यावे. 20 मार्च 2020 रोजी व्हॅटिकनने वॉर्डाच्या दारातून, गरज पडल्यास ध्वनिवर्धकावरून, सामूहिक पापक्षमा देण्याचा मार्ग बिशपांना दाखवला. तैलाभ्यंगाला मात्र स्पर्श लागतो. तो फोनवरून होत नाही, व्हिडिओवरूनही नाही. पुढची साथ येण्याआधीच ठरवून ठेवावे, की संरक्षक पोशाख घालता-काढता येणारे प्रशिक्षित चॅप्लेन आत जातील.

नियमात आम्हाला हवे ते असे. दाखल होतानाच्या अर्जावर एक ओळ : आपल्या धर्माच्या धर्मगुरूंनी भेटावे असे वाटते का? हाच प्रश्न मोठ्या शस्त्रक्रियेआधी आणि अतिदक्षता विभागात हलवताना पुन्हा विचारावा, कारण दाखल होताना ‘नाही’ म्हणणारा माणूस तेव्हा ‘हो’ म्हणतो. तातडी नसेल तर श्वासासाठी नळी घालण्याआधी फादरांना बोलवावे. वॉर्डाच्या प्रमुख सिस्टरने फोन करावा, वेळ नोंदवावी, पंधरा मिनिटांत उत्तर नाही आले तर दुसऱ्या नंबरवर करावा, आणि पाळी बदलताना हा निरोप हॅन्डओव्हरच्या कागदावर असावा. निरोप हरवतो तो नेमका पाळी बदलतानाच. चॅप्लेनच्या ओळखपत्रावर चोवीस तास प्रवेश असावा, म्हणजे मध्यरात्री गेटवर वाद होणार नाही.

आणि एक चॅप्लेन पुरत नाही. फादरांना घरसंसार नसतो म्हणून ते कायम मोकळे असतात असे गृहीत धरले जाते. सकाळची मिस्सा (चर्चमधली उपासना), दिवसाच्या ठरलेल्या प्रार्थना, वॉर्डातली फेरी, आणि रात्री दोन-तीन वेळा उठणे, हे एकाच माणसाने वर्षभर केले की तो आजारी पडतो किंवा आतून कोरडा होतो, आणि कोरडा झालेला चॅप्लेन रुग्णाला लगेच कळतो. जवळपासच्या धर्मग्रामांतील (स्थानिक चर्चच्या विभागांतील) दोन-तीन फादरांची पाळी लावावी. त्यांची ओळखपत्रे, हिपॅटायटिस बी आणि फ्लूच्या लसी, संसर्ग नियंत्रणाचे प्रशिक्षण हे सगळे आधीच झालेले असावे. पाळी लावण्याचे काम बिशपांचे कार्यालय करील, खात्याने फक्त तसे कळवायचे आहे.

अर्जावरची ती ओळ, वॉर्डासाठी एक पानी सूचना आणि चॅप्लेनच्या वर्तनाचे नियम यांचा मसुदा आम्ही तयार करून देऊ. तो तपासण्यासाठी खात्याने एक अतिदक्षता तज्ज्ञ, एक संसर्ग नियंत्रण अधिकारी आणि एक वरिष्ठ परिचारिका नेमावी, आणि आधी काही मोजक्या रुग्णालयांत तो सहा महिने वापरून पाहावा. नेमणुकीचे पत्र कधी निघेल, ते कळवावे ही विनंती.

आपले,
रुग्णालयांत सेवा करणारे कॅथलिक धर्मगुरू आणि परिचारिका