तीन टाके आणि फॅसिलिटी फी

मा. आयुक्त,
टेक्सास हेल्थ अँड ह्युमन सर्व्हिसेस कमिशन, ऑस्टिन

हेच पत्र इंग्लिशमधे तुमच्या ऑफिसला पाठवलंय, मराठीत इथे टाकतोय कारण दर उन्हाळ्यात ह्यूस्टन-डॅलसमधे आपल्या कितीतरी जणांचे आईबाबा येतात.

गेल्या जूनमधे बाबांनी अवोकाडो कापताना अंगठाच कापून घेतला, रक्त थांबेना, मी घाबरून जवळ जे दिसलं तिथे गाडी घातली. टाकोवाला आणि नेल सलूनच्या मधे लाल अक्षरांत इमर्जन्सी. मला वाटलं अर्जंट केअर, म्हणजे किरकोळ दुखण्याखुपण्याचा स्वस्तातला दवाखाना असेल (आठ वर्षं इथे राहून!). आत गर्दी नाही, फुकट कॉफी, नर्स इतकी गोड बोलली की बाबा खूष. तीन टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन, पाऊण तासात घरी.

दीड महिन्यानी बिल आलं, ३,४०० डॉलर. त्यातले २,६०० नुसती फॅसिलिटी फी, म्हणजे आत पाय ठेवल्याचे. डॉक्टरचं बिल मागाहून वेगळं.

२००९ च्या कायद्याने तुम्ही या सुट्या इमर्जन्सी रूमना लायसन्स देता, हॉस्पिटल शेजारी नसलं तरी दर हॉस्पिटलचे. २०१९ मधे फी लेखी सांगायची सक्ती झाली, मान्य, मी सही केलेला कागद निघालाही, पण एका हाताने बाबांचा अंगठा दाबून धरलेला माणूस दुसऱ्या हाताने सही करताना काय डोंबल वाचणार? २०२२ पासूनचा केंद्राचा नो सर्प्रायझेस ॲक्ट (विमा असलेल्यांना अचानक येणाऱ्या जादा बिलांपासून वाचवणारा कायदा) या जागांनाही लागू आहे, पण बाबांकडे व्हिजिटर पॉलिसी, म्हणजे पाहुण्यांसाठीचा प्रवास विमा, ती त्या कायद्यात बसतच नाही. पॉलिसीवाल्यांनी त्यांच्या तक्त्याप्रमाणे चिल्लर दिली, बाकी माझ्या कार्डावर.

पैशासाठी उपचार अडवू नयेत हा नियम चांगलाच आहे, त्याला हात लावू नका. माझं म्हणणं एवढंच की फॅसिलिटी फीचा आकडा बाहेरच्या दारावर लिहायला लावा, इमर्जन्सी लिहिलंय तेवढ्याच अक्षरांत, आणि खाली 'हे अर्जंट केअर नाही'. पेट्रोल पंपवाले गॅलनचा भाव सेंटच्या दहाव्या भागापर्यंत खांबावर टांगतात, तो हायवेवरून वाचता येतो, मग यांनाच कसली लाज?

बाबा यंदा परत येतायत. अर्जंट केअरचा पत्ता फ्रिजवर लावून ठेवलाय, पण ते रात्री आठला बंद होतं. आठनंतर आमच्या भागात उघडं असतं ते फक्त ते लाल अक्षरांचं दुकान.

आपला,
एक टेक्सासकर