हॅरी बर्न यांचा दुसरा दिवस

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील स्त्रियांच्या मताधिकाराविषयी लिहिताना टेनेसी राज्याचे आमदार हॅरी बर्न यांची गोष्ट हमखास आईच्या चिठ्ठीपाशी येऊन थांबते. आपल्या पुरवणीतील लेखही तिथेच थांबला, म्हणून हा पत्रप्रपंच.

१८ ऑगस्ट १९२० रोजी २४ वर्षांचे बर्न राज्याच्या राजधानीत, नॅशव्हिलच्या सभागृहात बसले होते, तेव्हा त्यांच्या कोटावर मताधिकाराच्या विरोधकांची खूण असलेले लाल गुलाबाचे फूल होते आणि खिशात, मत बाजूने दे असे बजावणारे आईचे पत्र. स्त्रियांना मताधिकार देणाऱ्या एकोणिसाव्या घटनादुरुस्तीला मंजुरी देण्याचा विषय लांबणीवर टाकण्याच्या प्रस्तावावर ४८-४८ अशी समसमान मते पडली. त्या वेळी बर्न विरोधकांबरोबरच होते. प्रत्यक्ष मंजुरीसाठी नावे पुकारली गेली तेव्हा मात्र त्यांनी होकार दिला, ठराव ४९ विरुद्ध ४७ मतांनी संमत झाला आणि ती घटनादुरुस्ती लागू होण्यासाठी हवे असलेले छत्तिसावे, म्हणजे शेवटचे, राज्य मिळाले.

मला महत्त्वाचा वाटतो तो त्यानंतरचा दिवस. लाच घेऊन मत फिरवल्याचे आरोप सुरू होताच बर्न यांनी आपली कारणे सभागृहाच्या इतिवृत्तात लेखी नोंदवली. मताधिकार हा स्त्रियांचा हक्क आहे, दुरुस्तीला मंजुरी देण्याचा कायदेशीर व नैतिक अधिकार आपल्याला आहे, मुलाने आईचा सल्ला मानण्यातच त्याचे हित असते, आणि या कामाचे श्रेय आपल्या रिपब्लिकन पक्षाला मिळावे अशी इच्छा होती, असे त्यांनी म्हटले. शेवटचे कारण काही फार उदात्त नव्हे, पण तेही त्यांनी झाकून ठेवले नाही. नोव्हेंबरमध्ये त्याच पक्षातर्फे ते पुन्हा निवडून आले. पुढे १९३० मध्ये गव्हर्नरपदाच्या उमेदवारीने त्यांना हुलकावणी दिली. १९४९ ते १९५३ या काळात ते राज्याच्या सिनेटमध्ये होते.

आपल्या गोव्यात जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे दहा आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आठ आमदार भाजपमध्ये गेले. एका प्रश्नावरचे मत बदलणे वेगळे आणि पक्षच बदलणे वेगळे, हे मान्य. पण म्हणूनच दुसऱ्या प्रकारात खुलासा अधिक तपशिलाने व्हायला हवा, आणि तो ‘मतदारसंघाचा विकास’ एवढ्या दोन शब्दांत आटोपता कामा नये. पक्ष बदलणाऱ्या प्रत्येक आमदाराने आपली कारणे स्वाक्षरीनिशी द्यावीत व ती पर्वरीच्या सभागृहाच्या कामकाजात छापली जावीत, असा नियम विधानसभेने करावा. मग सांग्याच्या किंवा म्हापशाच्या मतदाराला, पुढच्या निवडणुकीत उमेदवार हात जोडून दारात आला की, ते पान त्याच्यापुढे धरता येईल.

आपला,
एक वाचक, फोंडा