केळ्यातलं सेरोटोनिन मेंदूत जात नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अशोक चौकात माझं औषधांचं दुकान आहे. गिऱ्हाइक बरंचसं यंत्रमागावरचं. परवा एक चादर कारागीर मेटफॉर्मिनची (मधुमेहाच्या गोळ्यांची) चिठ्ठी घेऊन आले. म्हणाले, "मालक, अर्धीच पट्टी कापा. आता केळी सुरू केलीत." मोबाइलवरचा मजकूर दाखवला: मधुमेहाचं मूळ मेंदूतल्या सेरोटोनिनमध्ये (पेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या रसायनात), केळ्यात ते भरपूर, रोज चार खा!

यातलं मेंदूचं बोलणं अगदीच हवेतलं नाही, म्हणून तर माणूस फसतो. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, काही पेशींवर सेरोटोनिनचे '2 सी' ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे ते रसायन जिथे चिकटून काम करतं त्या जागा) असतात. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ते औषधाने चेतवल्यावर लठ्ठ उंदरांची साखर सुधारली, तीही खाणं वा वजन कमी न होता. पुढे याच ग्राहकावर चालणारं लॉर्कासेरिन हे औषध अमेरिकेत 2012 मध्ये वजन घटवायला मंजूर झालं आणि 2020 मध्ये कर्करोगाच्या शंकेने बाजारातून गेलं.

केळ्यातलं सेरोटोनिन मात्र रक्तातून मेंदूत शिरतच नाही. मेंदू स्वतःपुरतं सेरोटोनिन ट्रिप्टोफॅन या अन्नातल्या प्रथिनांच्या घटकापासून बनवतो. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन तर आतड्यात असतं, त्याचं काम निराळं. चार केळ्यांनी वाढेल ती साखरच.

त्यांना मी पूर्ण पट्टी घ्यायला लावली, पण दुकानात गर्दी असताना किती जणांना समजावणार? आपल्या आरोग्य पुरवणीत एखाद्या मधुमेहतज्ज्ञांना यावर लिहायला सांगावं. अक्षर जरा मोठं ठेवा, कात्रण काउंटरच्या काचेखाली लावतो.

आपला,
एक औषध दुकानदार, सोलापूर